पातेल्यात राहिलेलं

डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा दोनदा वाचला, दादाला काट्यावरून उतरायला हात दिला आणि वहिनीकडे वळून तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, "नक्की काय खातात हे?"

"रोज दीड किलोचं होतं त्यांचं," वहिनी म्हणाली. "खूर, नळ्या, मानेचं मांस. आपल्याच दुकानातलं, सकाळी पहिलं कापलेलं. सहा तास शिजतं."

तिनं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. डॉक्टरांच्या कपाळावरची आठी मात्र आणखी खोल गेली.

"ताप उतरून तीन आठवडे झाले. रोज दीड किलोचं खाऊन माणसाचं वजन सहा किलोनं उतरत असेल, तर आत दुसरं काहीतरी आहे. मी पुढच्या रविवारी येतो. आणखी उतरलं असेल तर मोठ्या दवाखान्यात हलवायचं. तिथे नाकातून नळी घालतील, सगळ्या तपासण्या करतील."

"दुसरं काहीतरी म्हणजे काय हो?"

"ते तपासल्यावरच कळेल."

डॉक्टर जिना उतरून गेले. वहिनी पलंगाशी उभी राहिली. अख्खा बकरा एका खांद्यावर टाकून जिन्याखालच्या दुकानात आणणारा तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून निजला होता आणि सदऱ्याच्या बाहीत त्याचा हात शोधावा लागत होता. दवाखान्याचं नाव निघताच त्यानं डोळे मिटले होते. त्याचे वडील तसेच गेले होते: नाकात नळी, भोवती परकी माणसं. आजाराच्या पहिल्याच दिवशी त्यानं वहिनीकडून वचन घेतलं होतं, काहीही झालं तरी घरातच ठेव.

आता ते वचन आठ दिवसांवर येऊन ठेपलं होतं.

स्वयंपाकघरात ताई पातेल्यावरचा फेस काढत होती. या घरात कुणीही आजारी पडलं की हे पातेलं निघे. त्यातल्या पाण्याला इथे कुणी सूप म्हणत नसे, अर्क म्हणत. गल्लीतल्या लोकांनाही ते ठाऊक होतं. कुणाचं हाड मोडो, कुणी बाळंत होवो, माणसं खाली दुकानात येऊन विचारत, "तुमच्याकडे अर्क कसा करतात?" आणि त्यांना मिळे ते उत्तरही ठरलेलं. पाणी आजाऱ्याला, चोथा घराला. आईची शिकवण होती ती. आई जाऊन वीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून त्या वाक्याची मालकी थोरल्या लेकीकडे, म्हणजे ताईकडे, आली होती. भावाचा ताप उतरला पण अंथरूण सुटलं नाही, हे कळताच ती पिशवी घेऊन आली ती थेट शेगडीशीच. वहिनीनं तीन आठवड्यांत आपल्याच स्वयंपाकघरात चहाखेरीज काही केलं नव्हतं.

"काय म्हणाले?" ताईनं मागे न बघता विचारलं.

वहिनीनं सांगितलं. ताईच्या हातातला झारा क्षणभर थांबला.

"उद्यापासून दोन किलोचा करू," ती म्हणाली. "आणि आठ तास ठेवू."

*

दुपारच्या गाडीनं दादाची धाकटी बहीण आली. चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. गाव तिला बाई म्हणे, म्हणून घरही बाईच म्हणू लागलं होतं, सख्खी भावंडंसुद्धा. दादाला ताईनं पातळ अर्कावर ठेवलंय एवढंच तिला फोनवर कळलं होतं. त्यात नवल काहीच नव्हतं. आजारपणात पहिले काही दिवस तेच देतात.

ती आधी दादाकडे गेली. दादानं तिचा हात धरला आणि लगेच सोडला; धरून ठेवण्याइतकं बळ नव्हतं. बाहेर येऊन तिनं बेसिनवर बराच वेळ तोंड धुतलं. मग जेवायला बसली.

टेबलाच्या मधोमध परातीत मांसाचा ढीग होता. हाडावरून आपोआप सुटलेलं, लोण्यासारखं मऊ मांस, वर मीठ-मिरी. दादाचा मुलगा त्यावर असा तुटून पडला होता की समोर आत्या येऊन बसलीय हेही त्याला उशिरा कळलं. लहानपणी तो इतका काटकुळा होता की थट्टेनं सगळे त्याला पैलवान म्हणू लागले, आणि नाव चिकटलं. बापाच्या मागे दुकान आता तोच बघत होता.

"ये गं आत्या, बस. घे ना, खूप आहे."

"दादाचं ताट कुठाय?"

"दादाचं झालं," ताई म्हणाली. "अकराला पेलाभर अर्क दिला. आता चारला देईन."

"आणि जेवण?"

"अगं, अर्क म्हणजेच जेवण. सगळा जोर त्यातच उतरतो. हा काय, चोथा राहतो नुसता." ताईनं मांसाचा मोठा तुकडा बाईच्या ताटात टाकला. "खा."

बाईनं ताटाकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. चौतीस वर्षं मुलांसमोर उभी राहिलेली ती बाई. मूल चुकलं तर 'चूक' म्हणायचं नाही, त्याला हिशेब पुन्हा मांडायला लावायचा, ही तिची जुनी सवय.

"पैलवान, तुझा पट्टा कुठल्या भोकावर आहे रे?"

"काय?"

"पट्टा. कुठल्या भोकावर लावलायस?"

पैलवानानं मान खाली घातली. "शेवटच्या. म्हणजे, काल खिळ्यानं एक नवीन पाडलं."

"खाली दुकानात तोलकाटा आहे ना? चल."

"आत्ता? जेवताना?"

"ताट पळून जात नाही. चल."

ज्या काट्यावर अख्खे बकरे तोलायचे त्यावर पैलवान उभा राहिला. दुकानातला नोकर तोंड फिरवून हसत होता. पैलवानाला आपलं वजन ठाऊक होतं. बापाचा ताप उतरला त्याच आठवड्यात त्यानं गंमत म्हणून केलं होतं. आता काटा साडेचार किलोनं पुढे गेला होता. त्यानं वाकून पुन्हा पाहिलं. काट्याशी त्याची ओळख लहानपणापासूनची, तो खोटं बोलत नाही हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"तीन आठवड्यांत तू काय वेगळं खाल्लंस?" बाईनं विचारलं.

"वेगळं काही नाही. घरात असतं तेच. चोथा."

"आणि तुझ्या बाबांनी?"

पैलवान काट्यावरून उतरला. आत्याच्या आधी तोच जिना चढू लागला.

*

वर आल्यावर बाईनं वाद घातला नाही. वाटीभर अर्क मागून घेतला, खोलगट तव्यात ओतला आणि तवा मंद आचेवर ठेवला.

"हे काय चाललंय?" ताई म्हणाली.

"पाणी उडू दे. आपल्याला पाण्याखालचं बघायचंय."

चौघं शेगडीभोवती उभी राहिली. वाफ निघून गेली, तव्यात बुडबुडे आले, मग घट्ट होत होत शेवटी डिंकासारखा चमचाभर तांबूस थर उरला. बाईनं उलथन्यानं तो खरवडून एका बशीत ठेवला. शेजारी परात ओढली.

"हे दादाच्या पोटात गेलं," ती बशीकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि हे आपल्या."

वहिनीनं हळूच खुर्ची ओढली आणि बसली. "मी डॉक्टरांना दीड किलो सांगत होते," ती पुटपुटली. "त्यांना वाटलं, हे दीड किलो खातात."

"काहीतरीच!" ताईचा आवाज चढला. "तवाबिवा मला दाखवू नकोस. तुला आईनं कशावर उभं केलं? अर्कावरच ना? सात वर्षांची होतीस, उचलून बसवावं लागायचं. गल्लीनं आशा सोडली होती. आईनं बारा दिवस अर्क पाजला आणि तेराव्या दिवशी तू अंगणात पळत होतीस. आयुष्यभर मी लोकांना तुझंच उदाहरण देते!"

बाईनं शेगडी बंद केली. 

"बोल की! नव्हता पाजला अर्क?"

"तीन दिवस," बाई म्हणाली.

"काय तीन दिवस?"

"नुसता अर्क तीन दिवस. चौथ्या दिवशी मला भूक लागली. आईनं दार लावून घेतलं, सुरीच्या पाठीनं मांस कुटलं आणि अर्कात कालवून मला भरवलं. मग रोज. कधी वर अंडं घालायची." तिनं पदराशी चाळा केला. "दुकान नवीन होतं, माल बेताचा. आई म्हणाली, तुझ्या भावंडांच्या तोंडचं काढून तुला देतेय, त्यांना सांगू नकोस. मी शपथ घेतली."

"त्रेपन्न वर्षं?" पैलवानाला राहवलं नाही.

"आईनं शपथ सोडवलीच कुठे?"

ताईचा हात टेबलाच्या कडेवर होता. त्या वेळी ती तेरा वर्षांची होती. पहिले तीन दिवस घरात मांसाची चंगळ होती. 'पाणी आजाऱ्याला, चोथा घराला' असं म्हणत आईनं आपल्या हातानं वाढलं होतं, तेही तिला आठवत होतं. आणि चौथ्या दिवसापासून? चौथ्या दिवसापासून उकडलेले बटाटे. सकाळ-संध्याकाळ बटाटे. 'मांस कुठाय?' विचारलं तर आई म्हणायची, 'संपलं.' पातेलं रोज शेगडीवर चढायचं, त्याचा वास घरभर फिरायचा, आणि मांस रोज संपलेलं असायचं. हे कसं, असा प्रश्न तिनं तेव्हा विचारला नाही आणि नंतरही कधी नाही.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ते तू खात होतीस."

"हो."

"बटाटे खाऊन खाऊन मला बटाट्यांचा वीट आला. अजून मी बटाटा खात नाही!"

"ठाऊक आहे गं ताई. म्हणून तर मी तुझ्याकडे आले की कधी बटाटा करू देत नाही."

पैलवानाला हसू फुटलं, वहिनीलाही, आणि क्षणभर ताईच्या ओठांचा कोपराही हलला. मग तिची नजर बशीतल्या त्या तांबूस चमच्यावर गेली आणि चेहरा पांढरा पडला. एकवीस दिवस. रोज सकाळी पाचला उठून, कंबर मोडेस्तोवर उभं राहून, तिनं आपल्या भावाला उपाशी ठेवलं होतं.

वहिनीला आज ताईला कितीतरी बोलता आलं असतं. तीन आठवड्यांचं साठलेलं होतं. पण सकाळी डॉक्टरांना 'दीड किलो' सांगणारी ती स्वतःच होती. ती उठली, ताईच्या हातातला झारा काढून घेतला आणि तिथे सुरी ठेवली.

"ताई, हात तुमचाच बरा. बारीक कुटा. मी डॉक्टरांना फोन लावते."

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पेशंट पाण्यावर आणि घर मांसावर?" वहिनीनं 'हो' म्हटलं.  डॉक्टर रागावले होते की हसत होते, आवाजावरून सांगता येत नव्हतं. "एकदम ताट भरू नका," ते म्हणाले. "उपाशी पोटाला ते झेपत नाही. दोन-दोन चमचे, दर दोन तासांनी. रोज थोडं वाढवा. अंडं चालेल, मऊ शिजवून. उद्या मी येऊन रक्त घेतो. आणि रविवारचं ठरलंय ते ठरलंय. वजन उतरलं तर दवाखाना."

*

दादानं पहिला चमचा तोंडात घेतला आणि जीभ हलवायची थांबवली. तीन आठवड्यांत त्याच्या जिभेला काही अडलं नव्हतं. हे अडलं. त्यानं ते दातांखाली घेतलं, सावकाश दाबलं, गिळलं.

"चावायला आहे," तो म्हणाला.

ताई दाराशीच उभी होती. आत यायचं तिला धाडस होत नव्हतं.

"ताई," दादानं तिच्याकडे न बघता म्हटलं, "पहिल्या आठवड्यात मी भूक लागली म्हणालो, तेव्हा तू अर्क दिलास. दुसऱ्या आठवड्यात म्हणालो, तेव्हा मोठा पेला दिलास. मग मी म्हणायचं सोडलं."

"तोंड नव्हतं का तुला? मांस दे म्हणून सांगता येत नव्हतं?"

"तुला सांगायचं?"

बाई हसत हसत खिडकीकडे वळली. ताई पुढे आली, पलंगाच्या कडेला बसली आणि वहिनीच्या हातून वाटी घेतली. दुसरा चमचा तिनं भरवला. दादानंच मान पुढे आणली.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याचं पोट बिघडलं. ताई घाबरली. "मी म्हणत होते, पचायचं नाही," ती म्हणाली आणि अर्क गाळायच्या चाळणीकडे हात नेला. या खेपेला वहिनी आडवी उभी राहिली. सासरी आल्यापासून तिनं नणंदेचा शब्द कधी मोडला नव्हता.

"चाळणी ठेवा खाली. रक्त घ्यायला आले तेव्हा डॉक्टर म्हणालेत ना, पोट बिघडलं तर कमी करा, बंद नाही. चमचा अर्धा करू. थांबणार नाही."

"आणि उद्या आणखी बिघडलं तर?"

"तर दोष माझा. पण त्यांना पुन्हा पाण्यावर ठेवू देणार नाही."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. मग चाळणी खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "आवाज चढतो म्हणायचा तुझा. मला वाटायचं, नाहीच."

चौथ्या दिवशी पोट जागेवर आलं. पाचव्या दिवशी दादानं अर्ध्या वाटीऐवजी अख्खी मागितली. सहाव्या दिवशी कलेजी दिली तर म्हणाला, "जरा जास्त शिजलीय." खाटकाची जीभ परत आली होती. ते ऐकून स्वयंपाकघरात तिन्ही बायका एकमेकींकडे बघून अशा हसल्या की त्यानं आतून ओरडून विचारलं, काय झालं. त्या ओरडण्यावर त्या आणखी हसल्या. महिनाभरात तो ओरडला नव्हता.

पैलवानाला त्या आठवड्यात बटाटे मिळाले. तक्रार केली तेव्हा मोठी आत्या म्हणाली, "मी नऊ दिवस खाल्ले, तू पण खा."

*

रविवारी डॉक्टर आले तेव्हा दवाखान्याची चिठ्ठी लिहूनच आणली होती. दादा पलंगावरून उठला. पैलवान आधार द्यायला पुढे झाला, तर त्याला कोपरानं बाजूला सारून दादा काट्यावर एकटा चढला. खोलीत कुणी हललं नाही. डॉक्टर वाकले.

"एक किलो दोनशे."

"उतरलं?" वहिनीचा आवाज कसाबसा निघाला.

"चढलं."

डॉक्टरांनी चिठ्ठी मधोमध फाडली. "रक्तातही काही वाईट नाही. दुसरं काही नव्हतंच आत. आतमध्ये काहीच नव्हतं, हाच आजार होता." मग ते ताईकडे बघून म्हणाले, "ताई, करता छान तुम्ही. फक्त ज्याच्यासाठी करता, त्याला द्या."

ताईला आयुष्यात कुणी असं बोलून सुटलं नव्हतं. आज मात्र डॉक्टरांची पाठ वळताच ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाई, जरा त्या डॉक्टरांना विचार, जेवून जाताय का."

या गडबडीत दादा कुठे गेला, हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. वहिनीला पलंग रिकामा दिसला. ती जिन्याकडे धावली. चौदा पायऱ्यांपैकी अकरावीवर तो उभा होता. एक हात भिंतीला, श्वास लागलेला, घामानं भिजलेला.

"अहो! वर या आधी!"

"वर चढायला जास्त जोर लागतो," तो म्हणाला. "खाली जवळ आहे."

आणि उरलेल्या तीन पायऱ्या उतरला.

दुकानात रविवारची गर्दी होती. त्याला पाहून बोलणं थांबलं, रांग आपोआप दुभंगली. कुणीतरी स्टूल पुढे सरकवलं. त्यानं मांस कापायच्या ओंडक्याला दोन्ही हात टेकले, स्टुलावर बसला आणि समोर पाहिलं. रांगेत पहिली एक शिंपीण होती, मागच्या गल्लीतली. तिचा बाप महिनाभर अंथरुणावर होता.

"अर्कासाठी हाडं हवीत," ती म्हणाली. "तुमच्याकडे म्हणतात ना, पाणी आजाऱ्याला…"

"म्हणायचे," दादा म्हणाला. "आता नाही म्हणत."

जिन्याच्या तळाशी ताई, वहिनी आणि बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. पैलवान मोठी सुरी घेऊन पुढे झाला, तेव्हा दादानं हात पसरला. पैलवान क्षणभर घुटमळला आणि सुरीची मूठ बापाच्या हातात दिली. दादानं मानेच्या मांसाचा तुकडा ओढला, मऊ भाग हाडापासून सोडवला आणि बारीक कापू लागला. आधी सावकाश. मग हाताला जुना ताल सापडला.

"अर्क कर. पण हे मांसही त्यालाच दे, त्यातच मऊ शिजवून. आधी दोन चमचे, मग चार. डॉक्टरांना विचारून. घरातल्यांना बटाटे घाल."

कागदात बांधलेला पुडा त्यानं तिच्या हातात ठेवला. शिंपिणीनं विचारलं, "आणि किती दिवस द्यायचं?"

दादानं सुरी पुसली, कपाळावरचा घाम पुसला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला जवळ बोलावत म्हणाला, "तो चवीला नावं ठेवेपर्यंत."